थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा

विनय आप्पाण्णा मगदूम हा माझा विद्यार्थी. निपाणीच्या शाळेत गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यात हुशार पोरं बरीच आली आणि स्वतःला हुशार म्हणवून घेणारी त्याहून जास्त आली. विनय दोन्हींत मोडत नव्हता. तो नेटका होता. गणित सोडवताना एकही पायरी गाळायचा नाही, त्यामुळे उत्तर चुकलं तरी नेमकं कुठे चुकलं ते लगेच सापडायचं. मला अशी पोरं आवडतात. आज त्याच्याबद्दल लिहायला बसलोय ते त्याचं कौतुक करायला नाही, आणि त्याला झोडपायलाही नाही. मधूनमधून माझी जीभ सुटेल, ती वाचणाऱ्यांनी सोसावी. निवृत्त मास्तराला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं.

आमच्या घरासमोर त्याच्या आईची पिठाची गिरण आहे. कांताक्का तिचं नाव. माहेर सदलग्याचं, शाळा कानडी, बोलणं मराठी, हिशेब दोन्हींत. नवरा आप्पाण्णा लवकर गेला आणि गिरण तिच्यावर पडली. आमची गल्ली विड्या वळणाऱ्या बायकांची. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पानात जर्दा भरत बसायचं, आणि जाता-येता गिरणीत डबा ठेवून जायचा. गिरणीच्या कट्ट्यावर डब्यांची आणि बुट्ट्यांची रांग लागलेली असायची. कशावरही नाव नसायचं. शाळेतून आलेला विनय रांगेवर नुसती नजर टाकून सांगायचा, हा पोचे पडलेला मालुबाईचा, हा तारेच्या कडीचा भरमूच्या आईचा. डबा बघून माणूस ओळखायचा तो. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्यानं माणसं न ओळखण्याचंच काम केलं, आणि तेही चांगल्या मनानं.

शिकून तो बेळगावात नोकरीला लागला. टिळकवाडीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची छोटी कंपनी. दहा-बारा पोरं, एक साहेब, आणि दारात चपलांचा ढीग. एक खासगी ट्रस्ट विडी कामगारांसाठी दवाखाना चालवतो, त्यांचं ॲप या कंपनीनं केलेलं. ट्रस्टचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहून काही परत येणार नाही. त्या ट्रस्टनं कामगारांना कार्डं दिली होती. कार्ड असेल तर औषध, सलाईन, भरती, सगळं फुकट. अट एवढीच, की महिन्याला एकदा हजेरी लावायची. माणूस आहे, इथेच आहे, आणि कामगारच आहे, एवढं कळावं म्हणून.

सुरुवातीला हजेरी अंगठ्यावर होती. दवाखान्यात यंत्र होतं, त्याच्यावर अंगठा टेकवायचा. आता जन्मभर पानं कातरून आणि विड्यांची तोंडं मुडपून ज्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या, त्यांचा अंगठा यंत्राला कुठून दिसणार? मालुबाईनं तर थुंकी लावून, पदराला पुसून, सगळं करून बघितलं. यंत्र लाल दिवा दाखवून मोकळं. अशा तक्रारी वाढल्या तेव्हा ट्रस्टनं ॲप काढलं. मोबाईलवर ओटीपी येणार, तो घालायचा, हजेरीचं बटण दाबायचं. झालं. शहाणपणाची गोष्ट, फक्त ॲप कानडीत आणि इंग्रजीत. आमच्या गल्लीतल्या बायकांना मराठीच जेमतेम वाचता येतं. बहुतेकींच्या घरात साधा फोन, तोही नवऱ्याच्या खिशात.

मग त्यांनी इथली बाई करेल तेच केलं. फॉर्मवर कांताक्काचा नंबर दिला. इकडे ही रीतच आहे. गॅसच्या फॉर्मवर शेजाऱ्याचा नंबर, शाळेच्या फॉर्मवर मामाचा, आणि ज्याच्या हातातला फोन नीट चालतो तो अख्ख्या गल्लीचा. कांताक्काला कानडी वाचता यायचं, आणि तिच्याकडे चांगला फोन होता. विनयनं नवा घेतल्यावर आपला जुना तिला दिलेला. बाजाराच्या दिवशी बायका डबे घेऊन यायच्या. गिरणीचा पट्टा सुरू करून कांताक्का चष्मा चढवायची आणि एकेकीची हजेरी लावायची. दळण होईपर्यंत हजेरी होऊन जायची. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही तिनं. दिवस मावळायच्या आत तिला जेवायचं असायचं, जैनांच्या घरातली शिस्त, त्यामुळे सगळी घाई चाललेली. पोराला यातलं काही माहीत नव्हतं, आणि ते ॲप पोराच्याच कंपनीचं हे तिला. फोनवर ती त्याला जेवलास का विचारायची आणि तो हो म्हणायचा, यापलीकडे मायलेकरांत बोलणं जात नसे.

आता तिकडे बेळगावात काय चाललं होतं ते सांगतो. मला हे विनयनं नंतर समजावून सांगितलं, मास्तराला शिकवावं तसं, पायरी न गाळता.

ॲप रखडतं अशी ओरड होती. बटण दाबलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. कुठे रखडतं ते शोधायला विनयनं एक प्रोग्रॅम लिहिला. मोबाईल आणि दवाखान्याचा सर्व्हर यांच्या मध्ये तो बसायचा. मोबाईलवरून जे जे मागितलं जाईल ते आधी याच्या हातात; हा ते टिपून घेणार आणि पुढे सोडणार. सर्व्हरकडून जे उत्तर येईल तेही टिपून मग माघारी सोडणार. कुठल्या यंत्रावरून मागणी आली, कधी आली, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. चेकपोस्टवर बसलेल्या माणसानं प्रत्येक गाडी लिहून घ्यावी तसं. याला ते लॉग म्हणतात. त्या लॉगमुळे आठवड्यात रोग सापडला आणि ॲप पळायला लागलं. साहेब खूश झाला.

पण अशा प्रोग्रॅममध्ये सगळंच दिसतं. नाव, नंबर, ओटीपी, कुणाला कुठलं औषध चालू आहे तेही. विनयला ते पटलं नाही. लोकांचं असलं काही आपण वाचत बसायचं, हे त्याला घाण वाटलं. म्हणून त्यानं आपणहून बसून, कुणी सांगितलं नसताना, लॉगमधली नावं आणि नंबर पुसून टाकायची सोय केली. नावाच्या जागी आकडा. फोन नंबराच्या जागी फुल्या. फोनच्या यंत्राची एक लांबलचक खूण तेवढी राहिली, अक्षर-आकड्यांची, कुणाला काही अर्थ न लागणारी. शेजारच्या टेबलावरचा सौरव त्याला हसला. काकतीचा पोरगा, तोंडाचा फटकळ. म्हणाला, लेका, कोण बघतंय ही असली नावं? विनय म्हणाला, मीच बघतोय की.

हे ऐकून मला त्याचा अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. आणि याच गोष्टीचा मला संतापही येतो, कारण नाव दिसलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पुढे ट्रस्टमधल्या कुणाला तरी वाटलं की कार्डं फार झालीत, खोटी असणार. त्यांनी कंपनीला विचारलं, तुमच्या लॉगमधून काही कळतं का? साहेबानं विनयला सांगितलं. विनयनं लॉग चाळला आणि त्याला ते दिसलं. एकच यंत्र. त्या एका यंत्रावरून ढिगानं कार्डांची हजेरी, ओळीनं, एकामागून एक, दर महिन्याला बाजारादिवशी. वर आणखी एक गंमत. कामगार कर्नाटकातले, आणि यंत्राचं नेटवर्क दिसतंय महाराष्ट्राचं.

निपाणी कर्नाटकात, पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून; इथल्या पोराला यावर हसू यायला हवं होतं. आमच्या गल्लीत निम्म्या फोनांत कोल्हापूरकडची सिमं आहेत. कागलकडचा टॉवर इथे चांगला धरतो आणि पाहुणेरावळे सगळे पलीकडे. कांताक्काचं सिम तर आप्पाण्णाच्या वेळेपासूनचं. विनयनं मला सांगितलं की त्या मिटिंगमध्ये ही गोष्ट त्याच्या मनात आली होती. फोनचं मॉडेलही लॉगमध्ये दिसत होतं. असाच फोन आपल्याकडे होता, हेही त्याला आठवलं. पण तसे फोन बाजारात हजारो. आणि मिटिंगमध्ये तोवर ‘एजंट’ हा शब्द आला होता. एकदा एजंट म्हटलं की समोरच्या ओळींत सगळ्यांना एजंटच दिसायला लागतो. विनय एवढंच म्हणाला की कुणाला तरी पाठवून चौकशी करावी. ट्रस्टचा माणूस म्हणाला, चौकशी केली की तो सावध होतो. विनय गप्प बसला. शाळेतही असाच होता तो. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही.

ठरलं ते असं. ते यंत्र अडवायचं. त्यावरून हजेरी लागलेली सगळी कार्डं थांबवायची. ज्याचं कार्ड खरं असेल त्यानं स्वतः दवाखान्यात येऊन अंगठा द्यावा. अंगठा! ज्या अंगठ्यासाठी ॲप काढलं तोच अंगठा. आणि एजंटला संशय येऊ नये म्हणून कार्ड बंद झाल्याचं कुणाला कळवायचं नाही. ॲपनं ‘बंद’ म्हणायचं नाही. नुसतं म्हणायचं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. हे वाक्य कानडीत आणि इंग्रजीत विनयनं आपल्या हातानं घातलं.

मालुबाईला दम्याचा त्रास. आयुष्यभर जर्द्याच्या धुरळ्यात बसल्यावर दुसरं काय होणार? थंडी पडली की तिची छाती गिरणीसारखी वाजायची. ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं, वाफ दिली, इंजेक्शन दिलं, की दोन दिवसांत परत सुपापुढे. हे दर हिवाळ्यातलं, त्यामुळे त्या दिवशी सकाळी तिला दम लागला तेव्हा कुणी फार घाबरलं नाही. लेक नीलमनं रिक्षा बोलावली. जाताना मालुबाई गिरणीपाशी थांबून कांताक्काला म्हणाली की डबा ठेवून चाललेय, बारीक दळ. मी माझ्या कट्ट्यावर पेपर वाचत होतो. मला तिनं हात केला.

दवाखान्यात खिडकीवरच्या पोरानं कार्ड बघितलं, अंगठा टेकवायला लावला, लाल दिवा बघितला आणि सांगितलं की हजेरी दिसत नाही. कार्डाशिवाय भरती करायची तर पैसे भरा, नाहीतर सरकारी दवाखान्यात न्या. सरकारी दवाखाना तिथून रिक्षानं फार लांब नाही. नीलम निघालीच होती. पण आधी तिनं कांताक्काला फोन लावला, कारण हजेरीचं खातं कांताक्काचं.

कांताक्कानं पट्टा बंद केला. ॲप उघडलं, मालुबाईचं कार्ड काढलं, बटण दाबलं. वर कानडीत वाक्य आलं. तिनं चष्म्यातून अक्षर-अक्षर वाचलं आणि नीलमला फोनवर सांगितलं, “जरा वेळानं परत करा म्हणतंय. व्हतंय बघ. तू हलू नगो, थांब तितंच.”

ते मी माझ्या कानानं ऐकलं. रस्ता तेवढाच रुंद आहे.

नीलम थांबली. आई बाकावर, डोकं तिच्या खांद्यावर. कांताक्का पुन्हा दाबत होती. पुन्हा तेच वाक्य. मग रेंज नसेल म्हणून ती रस्त्यावर आली, मग माझ्या कट्ट्यावर चढली, मग आमच्या माडीवर गेली. मी म्हटलं, अगं ते बंद पडलं असेल. ती म्हणाली, बंद असतं तर बंद म्हटलं असतं की सर, परत करा कशाला म्हटलं असतं? मला ते पटलं. गणिताच्या मास्तराला पटलं. नीलमचा दर थोड्या वेळानं फोन यायचा आणि दरवेळी कांताक्का म्हणायची, थांब, आता व्हईल.

त्याच वेळी बेळगावात सौरवनं विनयला हाक मारली. अडवलेलं यंत्र पुन्हा धडका देत होतं. पडद्यावर ओळ यायची, मागणी. खाली ओळ यायची, नाकारली. पुन्हा मागणी, पुन्हा नाकारली. दरवेळी एकच कार्ड. सौरव म्हणाला, चिवट हाय रं गडी. बाकीची पोरंही खुर्च्या ओढून बघायला आली. कुणी तरी म्हणालं की याचं नशीब आज खोटं आहे. विनय हसला. त्यानं मला सांगितलं की तो हसला होता. हे सांगायची त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. आपलं काम नीट चालतंय हे डोळ्यांनी दिसलं की माणूस हसतो तसं. मग जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे खाली गेले.

दुपार कलली तेव्हा मालुबाईची मान पडली. नीलमनं रिक्षावाल्याच्या मदतीनं तिला उचललं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं वाटेतच गेल्याचं सांगितलं. आणि बोलू नये ते तो बोलला, की लवकर आणायचं होतं.

मालुबाईचा डबा गिरणीत होता. कांताक्कानं पीठ दळून ठेवलं होतं, बारीक, सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन त्यांच्या दारात गेली. नीलम आतून आली नाही. दारातल्या बायकांपैकी एक म्हणाली, “कांताक्का, तूच थांब म्हणालीस की गं.” कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. डबा तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि परत आली. त्यानंतर बाकीच्यांची कार्डंही बंद असल्याचं एकेकीला कळत गेलं. मग गल्लीत सुरू झालं, की हिनंच फोनमध्ये काही तरी घोळ केला, चष्म्यातून नीट दिसत नव्हतं, पोराच्या नोकरीचा तोरा होता. मी दोघा-तिघांशी भांडलो. माझ्या भांडण्यानं कधी कुणाचं मत बदललेलं नाही. बाजाराच्या दिवशी गिरणीच्या कट्ट्यावर चार डबेसुद्धा दिसेनात. खालच्या आळीत दुसरी गिरण आहे, बायका तिकडे जायला लागल्या.

कांताक्का बस्तीत गेली. जैनांच्या देवळाला इकडे बस्ती म्हणतात. तिथे चातुर्मासापासून एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, मुक्कामाला होत्या. आपल्या हातून वाईट घडलं असं वाटलं की हे लोक कशाचा तरी त्याग करण्याचा नियम घेतात. कुणी गूळ सोडतं, कुणी तूप. कांताक्कानं फोन सोडला. जन्मभर फोनला हात लावणार नाही, असा नियम घेऊन आली आणि फोन बंद करून माझ्या हातात आणून दिला. म्हणाली, विनय आला की द्या.

आता त्याला आईशी बोलायचं तर माझ्या फोनवर करावं लागणार, आणि तीही कानाला लावणार नाही. दोन दिवस आईचा फोन लागेना म्हणून त्यानं मला केला. मी त्याला सगळं सांगितलं. मालुबाई गेली, कार्ड चाललं नाही, तुझी आई दुपारभर बटण दाबत होती, माझ्या माडीवर पण गेली, दरवेळी ते ॲप म्हणायचं थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. कुणी हलकटानं लिहिलंय ते वाक्य, असंही मी म्हटलं. मला काय माहीत?

त्यानं एवढंच विचारलं की हे कुठल्या दिवशी झालं. मी सांगितलं. तो म्हणाला, येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं तो आला. घरी न जाता माझ्याकडे आला आणि माझ्या माडीवर बसून त्यानं ही सगळी गोष्ट सांगितली. प्रोग्रॅम, फुल्या, मिटिंग, कागलचा टॉवर, जुना फोन, हसणं. मधे रडला नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, सर, माझ्याबरोबर चला, मला एकट्याला जमणार नाही. मी त्याला खूप बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. मग चप्पल घातली आणि निघालो.

आधी नीलमकडे गेलो. ती सुपापुढे बसली होती. आई गेली म्हणून विड्या थांबत नाहीत. विनयनं उभ्या-उभ्या सांगितलं की कांताक्कानं काही केलं नाही, कार्ड आम्ही बंद केलं होतं, ते वाक्य मी लिहिलं होतं. कंपनीत साहेबालाही त्यानं हे आधीच्या संध्याकाळी सांगितलं होतं. साहेब म्हणाला होता, तुला कसं माहीत असणार, आणि कार्डं सुरू करायची की नाही हे ट्रस्टच्या बैठकीत ठरेल. नीलमचे हात चालूच होते. दोन विड्या बांधून झाल्यावर तिनं विचारलं, “हे कांताक्काला सांगितलंस?”

तो नाही म्हणाला.

“आधी तिला सांग जा. मला आता तिचा राग न्हाय. पर गिरणीत यायचं मला हुईत न्हाय. तिचा आवाज ऐकला की ते ‘थांब’ म्हटलेलं ऐकू येतंय.”

आम्ही बाहेर पडलो. रस्ता ओलांडून गिरणीत गेलो. कांताक्का रिकाम्या पट्ट्याशेजारी पाटावर बसली होती. पोराला बघून तिला बरं वाटलं, हे मला दिसलं. दिवस मावळायला थोडा वेळ होता, म्हणून ती आधी ताट करायला उठली. आमटी आणि भाकरी वाढून तिनं त्याच्यापुढे ठेवली, आपलंही ताट घेतलं. त्यानं हात लावला नाही. तिथेच, ताटावर, त्यानं तिला सांगितलं. माझ्याजवळ सांगितलं तसं सगळं नीट, क्रमानं. लॉग वगैरे तिला किती समजलं कोण जाणे. पण जे समजायचं ते समजलं, कारण तिनं एकच गोष्ट विचारली.

“त्या दिवशी मी दाबत व्हते, ते तुला तिकडं दिसत व्हतं?”

“व्हय.”

“सगळं?”

“सगळं. एकेक येळ.”

कांताक्कानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

“मला वाटलं, पलीकडं कोण न्हाईच,” ती म्हणाली. “यंत्र हाय, त्येला काय कळतंय, म्हणून मी दाबत ऱ्हायले. कोण नसतंच तर बरं झालं असतं रं.”

विनयनं मान खाली घातली. ती पोराला रागावलीही नाही, जवळही घेतलं नाही. नीलमला सांगितलंस का, एवढं विचारलं, आणि हो म्हटल्यावर बरं केलंस म्हणाली. तिचा फोन माझ्या खिशात होता. तो मी विनयला दिला. त्यानं घेतला आणि नुसता हातात धरून बसला.

बाहेर उजेड कमी झाला. कांताक्कानं दाराकडे बघितलं आणि दोन्ही ताटं उचलून आत ठेवली. दिवस मावळल्यावर त्या घरात कुणी जेवत नाही.